नथूमामांची भाऊबीज

टीव्हीवर मुंग्या आल्या की महाडात त्या काळी घरातलं एक माणूस अँटेना फिरवायला वर चढायचं आणि दुसरं खालून "आलं... गेलं... परत आलं" असं ओरडत राहायचं. नथूमामा शेलारांच्या स्टुडिओत मात्र उलटा कारभार होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मुद्दाम रिकाम्या चॅनेलवर टीव्ही लावायचे आणि बशीतून चहा पीत त्या मुंग्यांकडे टक लावून बसायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, टीव्ही बिघडलाय आणि या गृहस्थांना पत्ताच नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. शाळेत शिकवणाऱ्या बाईला दुसऱ्याची चूक दिसली की गप्प बसवत नाही. ते मान न वळवता म्हणाले, "बिगाडला नाय. बस गो बाय. यातली एक तरी मुंगी परत त्याच जागी येते का, तेवढं बगून सांग मला."

मी बसले. पाच मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले. मुंगी काही परत आली नाही.

"नाय ना येत? खरी मुंगी एका जागी दोनदा बसत नाय," असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली. "आता बोल, काय काम काढलंस?"

काम शाळेचं होतं. शाळेत नुकते दोन कॉम्प्युटर आले होते आणि मी गणित शिकवते म्हणून ते माझ्याच गळ्यात पडले होते. जुन्या स्नेहसंमेलनाची एक व्हिडिओ कॅसेट होती, ती मुख्याध्यापकांना सीडीवर हवी होती. नथूमामांनी कॅसेट हातात घेतली, नाकाजवळ नेऊन हुंगली, "बुरशी धरलेय" म्हणाले, आणि मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तू कुनाची गो?" मी सांगितलं. आईचं माहेर पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला, हे ऐकल्यावर त्यांचा चेहराच बदलला. ते त्याच गावचे. "म्हंजे तू शांताआक्काची पोर! मग मी तुजा मामाच की!" त्या दिवसापासून ते माझे मामा झाले. आईला सख्खा भाऊ नव्हता. त्या वर्षीच्या भाऊबीजेला नथूमामा आमच्या घरी पाटावर बसले, आईने ओवाळलं, आणि पुढे एकही भाऊबीज चुकली नाही.

उंच, काटकुळा माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी लेन्स झाडायचा मऊ ब्रश. चष्मा पुसायला बायकोच्या जुन्या लुगड्याचा चौकोनी तुकडा, तो त्यांनी पितळेच्या डबीत घडी करून ठेवलेला असायचा. दुकानात शिरताना पायताण बाहेर, आणि काम चालू असेल तर पंखा बंद. मे महिन्यात घामाने निथळत बसलेल्या गिऱ्हाइकाने पंख्याकडे नुसतं बघितलं तरी म्हणायचे, "वारा पायजे तर बाहेर जा, भरपूर हाय. हितं धूळ उडते." लग्नाच्या शूटिंगला त्यांना फारसं कुणी बोलवायचं नाही, कारण ते वधूवरांना उगाच हसायला सांगत नसत. त्यांचं खरं नाव झालं ते जुन्या कॅसेटी आणि जुन्या फिल्मा साफ करून मोठ्या करण्यात. लोकांच्या घरात मोठे टीव्ही येऊ लागले होते. आखाताला गेलेल्या मुलांनी पाठवलेले, दारातून आत जाईनात असले. त्यावर जुनी कॅसेट लावली की सगळं भुरभुरं दिसायचं, आणि मग माणसं नथूमामांकडे यायची.

"चित्र मोटं केलं की मानूस मोटा होतो, तशा मुंग्या पन मोट्या होतात," ते प्रत्येकाला समजावून सांगायचे. "म्हनून आदी साफ करायचं, मग मोटं करायचं. नि साफ करताना हात राखून. फार पुसलंस तर मुंग्यांबरोबर मानूस पन जातो."

कॅसेटवर मुंग्या, फिल्मवर दाणे, ही त्यांची भाषा. ते दाणे कसे काढायचे, हे मी त्यांच्याकडे शिकले. शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास बसायचे. ते पडद्यावर एकामागून एक येणारी तीन चित्रं शेजारी शेजारी मांडायचे. जे तिन्हींत आहे ते चित्र. जे एकात आहे आणि बाकी दोहोंत नाही, तो दाणा, तो काढायचा. मला वाटलं, यात काय एवढं? गणितच आहे, सरासरी काढायची. मग त्यांनी एक कोळीण दाखवली, मासे निवडताना हात हलवणारी. तीन चित्रांत तिचे हात तीन ठिकाणी. कॉम्प्युटरने हाताला दाणा समजून तो पुसून टाकला आणि बाई मनगटापर्यंतच उरली. "त्याला काय ठाऊक, हात कुनाचा नि दाना कुनाचा," मामा म्हणाले. "मानूस थांबलेला असंल तिथं हे चालतं. हालता असंल तर आपन बसून एकेक बगायचं." आणि ते खरंच बसायचे. एका मिनिटाच्या फिल्मला दोन दोन महिने.

एकदा शिवथरच्या खोऱ्यातलं एक जोडपं दहा-बारा वर्षांपूर्वीची लग्नाची कॅसेट घेऊन आलं. मामांनी कंटाळून एका ठिकाणी सगळं कॉम्प्युटरवर सोडलं. आठ दिवसांनी ती बाई दुकानात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अवो, आमच्या लग्नात पाऊस व्हता." कॅसेट लावून बघतो तो काय, लख्ख कोरडा मांडव, कोरडं अंगण, आणि सगळं वऱ्हाड छत्र्या उघडून उभं! नवरदेव रुमालाने तोंड पुसतोय, कशासाठी ते कुणाला कळू नये. कॉम्प्युटरने पावसाच्या धारांनाच मुंग्या समजून साफ केलं होतं. नवरा म्हणाला, "राहू द्या, बरं दिसतंय." बायको ऐकेना. "माझा शालू भिजलावता. सासूनं सगळ्यांसमोर मला आपली शाल दिली. पाऊसच नाय तर ती शाल कशाला देते ते कसं कळनार?" मामा हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. पण मग पंधरा दिवस बसून त्यांनी तो सगळा पाऊस परत आणून दिला. मी त्या बाईचा चेहरा पाहिलाय. माहेरचं माणूस भेटावं तशी ती त्या पावसाकडे बघत होती.

दुसरी गोष्ट हिरकणीवाडीच्या एका खानावळवाल्याची. त्याचे वडील रायगडावर पाहुण्यांना वाट दाखवायचे. कुणा साहेबाने त्यांची फिल्म काढून मागाहून टपालाने पाठवली होती. खानावळीत मोठा टीव्ही लावून ती दाखवायची, अशी त्याची कल्पना. सगळं झालं, पण वडिलांच्या तोंडावरचे देवीचे व्रण त्याला नको होते. "एवढं साफ केलंत मामा, तेवढं पण करा की. गिऱ्हाइकं जेवायला बसतात समोर." मामांनी आधी त्याला शांतपणे व्रण पुसून दाखवले. नाक-डोळे होते, पण चेहरा मेणाचा झाला होता. मग त्यांनी ते पुसून परत पहिलं चित्र लावलं आणि आवाज चढवला. "देवी आल्या त्या तुज्या बापाला आल्या. त्या काडल्या तर ह्यो कोन हाय? दुसऱ्याच्या बापाला टीव्हीवर बसवून जेवन वाढनार काय तू?" खानावळवाला खाली मान घालून व्रणांसकट वडील घेऊन गेला. ही गोष्ट महाडभर झाली. नथू शेलार जे नाही ते दाखवणार नाही आणि जे आहे ते लपवणार नाही, असं लोक म्हणू लागले. मी तर शाळेत मुलांना हे उदाहरण म्हणून सांगायचे. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

आता शैलाताईबद्दल सांगायला हवं. ती माझी मोठी बहीण. सतरा वर्षांची असताना टायफॉईडने गेली, मी तेव्हा पाच वर्षांची होते. आमच्याकडे तिचा एकच फोटो होता, तो पुढे एका पुरात गेला. मला तिचं फार थोडं आठवायचं. माझे केस विंचरताना गुंता लागला की ती वरून फुंकर घालायची, ते आठवायचं. आणि एक चेहरा, पुसट, उन्हाकडे पाठ केलेला. तेवढं मी जपून ठेवलं होतं. आई तिच्याबद्दल बोलायची नाही, पण वर्षातून एक दिवस, ताईच्या वाढदिवसाला, ती न जेवता झोपायची.

आमच्या शेजारी गफूरचाचा राहायचे. कुवेतला नोकरी करून आलेले. तिकडून त्यांनी फिल्मचा एक छोटा कॅमेरा आणला होता आणि ताई जायच्या आदल्या उन्हाळ्यात मोहल्ल्यात सगळ्यांचं चित्रण केलं होतं. त्यात नदीच्या घाटावर ताईही होती. फिल्म धुऊन आली तोवर ताई नव्हती. ती कुणाला दाखवायचा चाचांना धीर झाला नाही. जवळजवळ तीस वर्षं ती त्यांच्या पेटीत राहिली. म्हातारपणी आजारी पडल्यावर त्यांनी आईला बोलावून तो पत्र्याचा गोल डबा तिच्या हातात दिला. "बहेन, तुमची पोरगी यात हाय. मी ठेवून घ्यायला नको होती," एवढंच म्हणाले. त्याच पावसाळ्याच्या तोंडी ते वारले.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. डबा मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ती तो पदराखाली घेऊन मामांच्या दुकानात गेली. मी बरोबर होते. मामांनी लुगड्याच्या तुकड्याने हात पुसले, डबा उघडला, फिल्मचं टोक उजेडासमोर धरलं.

"आक्का, तीन-साडेतीन मिनिटांची हाय. स्कॅनरवर एकेक चित्र काडावं लागंल. येळ लागंल."

"लागू दे रे," आई म्हणाली. "मला फक्त एकदा ती हालताना बघायचीय. नीट दिसेल एवढी मोठी कर. डोळे जायच्या आत."

"भाऊबीजेला देतो," मामा म्हणाले. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. मी मामांना इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात मोठा पूर आला. महाडच्या बाजारात सावित्रीचं पाणी चढायला लागलं की काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. माल माळ्यावर, मग माणसं माळ्यावर. पण त्या वर्षी पाणी दरवेळच्या खुणेवर थांबलं नाही. ओसरल्यावर आठवडाभर सगळं गाव चिखल उपसत होतं. मामांच्या दुकानात मी गेले तेव्हा ते गुडघाभर चिखलात उभे होते. कॉम्प्युटर आणि स्कॅनर वाचले होते. मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"आमची फिल्म?"

"हाय," ते म्हणाले. "वर ठेवलीवती."

मी आईला सांगायला पळत घरी गेले.

भाऊबीजेला मामा नवा शर्ट घालून आले. आईने पाट मांडला, ओवाळलं. मामांनी तबकात डीव्हीडी ठेवली. आई लगेच टीव्हीच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर, जाऊन बसली. आधी गफूरचाचांचं अंगण आलं, शेळ्या आल्या, मशिदीजवळ विटीदांडू खेळणारी पोरं आली. हे सगळं छान स्वच्छ होतं. मग घाट आला, आणि दाणेच दाणे. त्या दाण्यांच्या पडद्यामागे परकर-पोलक्यातली एक मुलगी पायऱ्या चढून आली, वळली, थांबली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. पाच-सहा सेकंद. संपलं.

आई आणखी पुढे सरकली. तिने काचेवर हात ठेवला. मग म्हणाली, "परत लाव." पाचव्यांदा की सहाव्यांदा बघून झाल्यावर ती पुटपुटली, "शैलूचं हसू वेगळं दिसतं रे."

"जुनी फिल्म हाय आक्का," मामा चटकन म्हणाले. "दाने लई हायत. पुसलं असतं आनकी, पन मग तोंड गेलं असतं."

आम्हाला ते पटलं. का पटू नये? दाणे जास्त पुसले की माणूस जातो, हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं. मी आईला तेच परत सोपं करून समजावलं. मी. आईने डोळे पुसले आणि मामांना जेवायला वाढलं. मामा त्या दिवशी जेमतेम जेवले. मला वाटलं, गहिवरलेत.

पुढची अडीच वर्षं आईचा दिवस त्या सहा सेकंदांनी सुरू व्हायचा. देवपूजा झाली की टीव्ही. मी रिमोट दाबून चित्र थांबवायचे आणि ती हळदीकुंकवाच्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन काचेवर, त्या मुलीच्या कपाळावर लावायची. काच खराब होते म्हणून मी कितीदा तरी चिडले. ती म्हणायची, "पुसशील मागाहून. एवढ्यात नको." ताईच्या वाढदिवसाला ती आता जेवायला लागली. शेवटच्या आजारपणात टीव्ही खाटेजवळ आणून ठेवला होता. ती गेली तेव्हा काचेवर कुंकवाचा ठिपका तसाच होता.

वर्षश्राद्धाला घरचे सगळे जमणार होते. माझ्या मनात आलं, ताईचं तेवढं चित्र कागदावर मोठं छापून आईच्या फोटोशेजारी लावावं. मामा पोलादपूरला पुतण्याकडे गेले होते. म्हटलं, त्यांना कशाला त्रास, एवढं तर आपल्याला येतं. ताई हसताना थांबली आहे, चांगले दोन सेकंद. थांबलेला माणूस साफ करणं सगळ्यात सोपं. रविवारी सकाळी शाळेच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी घातली आणि ती पन्नासेक चित्रं सुटी करून एकेक बघायला लागले.

तिच्या डाव्या खांद्याच्या वर जिऱ्याएवढा एक दाणा होता. पुढच्या चित्रात नव्हता. त्याच्याही पुढच्यात नव्हता. मग दहा चित्रांनी तो परत आला. त्याच जागी, त्याच आकाराचा. मी आणखी दहा चित्रं पुढे गेले. पुन्हा तिथेच. मग मी दुसरा दाणा धरला, तिसरा धरला. सगळे दर दहा चित्रांनी हजर. हजेरीपटावरच्या मुलांसारखे.

मला ते कळायला वेळ लागला नाही, मान्य करायला लागला. दाणे फिल्मवरचे नव्हते. ते कुणीतरी वरून पसरले होते, आणि दहाच चित्रांपुरते बनवून पुन्हा पुन्हा वापरले होते. मग आता माझे हात थांबेनात. मी चित्रांची सरासरी काढली, दाणे विरळ होत गेले. मोठं केलं. पुन्हा साफ केलं. आणि दाण्यांच्या मागून चेहरा पुढे आला.

वर्षा. नथूमामांची भाची, पुराच्या वर्षी शिकायला त्यांच्याकडे राहायची. दहावी ब. पुढून दुसऱ्या बाकावर बसायची, भूमितीत कच्ची. तिच्या भुवईवर एक जुनी खोक होती, तीही दिसत होती.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी खुर्चीत बसून मोठ्याने "नाही" म्हणाले, एवढं आठवतं. आणि आईचं कुंकवाचं बोट आठवलं. अडीच वर्षं माझी आई माझ्याच वर्गातल्या एका पोरीच्या कपाळाला कुंकू लावत होती आणि मी रिमोट धरून शेजारी उभी होते.

मामा परत आले त्या दिवशी भर दुपारी मी दुकानात गेले. पायताण बाहेर काढलं नाही. छापलेलं चित्र त्यांच्या समोर ठेवलं. त्यांनी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, "चांगलं साफ केलंस."

त्या क्षणी हात उचलला नाही, हे माझ्यावरचे संस्कार.

ते उठले, माळ्यावर चढून पत्र्याचा गोल डबा घेऊन आले आणि उघडून माझ्यापुढे सरकवला. आत गुळाच्या ढेपेसारखा एक काळा गोळा होता. "वर ठेवलीवती म्हनालो ते खोटं. पुरात टेबलाखाली राहिली. पन पान्यानं नाय गेली गो. काडली तवा बरी व्हती, ओली व्हती येवडंच. दुकानात चिखल, म्हनून गावच्या घरी नेली. चुलीवरच्या तट्ट्यावर ठेवली सुकायला. आदी अर्धी स्कॅन झालीवती. घाट राहिलावता."

पावसाळ्यात आमच्याकडे ओलं काहीही घरात आलं की ते चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर जातं. सुकी मासळी, लाकडं, पोरांची दप्तरं, सगळं. पण फिल्म? आणि हा माणूस, धुळीसाठी पंखा बंद ठेवणारा?

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, उष्णतेनं काय होतं ते?"

"ठाऊक नसंल व्हय मला! पन घरात गेलो नि हात आपसूक तिकडंच गेला. पायलीभर अक्कल असून उपेग नाय गो. सकाळी बगतो तर असा गोळा."

"मग सांगायचं होतंत."

"भाऊबीज तोंडावर आली. ती रोज निरोप धाडत व्हती, झालं काय, झालं काय. हात हालवत जाऊ तिच्याकडं? वर्षाला गॅदरिंगचं शूटिंग हाय म्हनून घाटावर नेली. तिला काय बी ठाऊक नाय. तिच्यावर राग धरू नको." मग आवाज जरा चढवून म्हणाले, "अडीच वर्सं सुखानं बगितलं आक्कानं. तुला काय पायजे व्हतं? ती रडत जायला पायजे व्हती?"

"मला माझी ताई पाहिजे होती," मी म्हणाले. "नसेल तर नाही म्हणून पाहिजे होती. लोकांच्या बापाचे व्रण राखलेत तुम्ही. शिवथरच्या बाईचा पाऊस परत दिलात. आमच्याच वेळी काय झालं? भाऊ म्हणून ओवाळत होती ती तुम्हाला."

 त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग अगदी हळू म्हणाले, "येक सांगू? ओली व्हती तवा मी उजेडात धरून बगितलावता तो भाग. तुज्या ताईचं तोंड त्यात नव्हतंच. पाटमोरीच व्हती ती. पायऱ्या उतरत गेली नि संपलं. आक्काला ते दाखवून काय उपेग झाला असता?"

 ते खरं असेल. माझी सुटका व्हावी म्हणून किंवा स्वतःची व्हावी म्हणून तिथल्या तिथे रचलेलंही असेल. गफूरचाचा गेले होते. फिल्मचा गोळा झाला होता. ताई तेव्हा वळून बघत होती की नाही, हे सांगू शकणारा एकच माणूस जगात उरला होता, आणि त्याच्या शब्दावर आता मला विश्वास ठेवता येत नव्हता. डबा उचलून मी बाहेर पडले. त्यानंतर त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाही. भाऊबीजेला ते आले नाहीत, मीही बोलावणं धाडलं नाही. लोक विचारायचे, मामांशी काय बिनसलं? मी कुणाला सांगितलं नाही. हिरकणीवाडीची गोष्ट मात्र मुलांना सांगणं बंद केलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पोलादपूरच्या स्टँडवर, दीड-दोन वर्षांनी. मी शिक्षकांच्या बैठकीहून परतत होते, महाडच्या गाडीची वाट बघत. समोरच्या फलाटावर मामा उभे होते. फार वाळले होते, हातात कापडी पिशवी. माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं तसे ते पाटी वाचायला लागले, जशी काही ती पाटी आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होती.

त्यांच्या शेजारची मुलगी मात्र मला बघून धावत आली. लग्न झालेलं दिसत होतं, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. "बाई, ओळखलंत? मी वर्षा, दहावी ब." बाळ सावरत ती वाकली आणि नमस्कार केला. "भूमितीत पास झाले ते तुमच्यामुळे. तुमची आई कशी आहे? मामा म्हणायचे, आक्काची तब्येत बरी नसते." म्हणजे आई गेल्याचंही त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "आई गेली." तिचे डोळे खरोखरच भरून आले. मी नको नको म्हणताना तिच्याकडे बघत राहिले, शिष्टाचाराला सोडून, फार वेळ. तिला अवघडल्यासारखं झालं असावं. बाळाच्या नावाचं काहीतरी बोलून ती परत गेली.

त्यांची गाडी आधी लागली. मामा आधी चढले, तिच्यासाठी खिडकीची जागा धरली आणि स्वतः आतल्या बाजूला, मला दिसणार नाहीत असे बसले. वर्षाने खिडकीतून बाळाचा हात धरून मला टाटा केला. मीही केला.

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं आणि डोळे मिटून बसले. दाणे नाहीत, मुंग्या नाहीत, कॉम्प्युटर नाही, नुसती माझी पाचव्या वर्षातली आठवण, पुसट, उन्हाकडे पाठ केलेली. म्हटलं, ती तरी माझी आहे, ती तरी एकदा येऊन जाऊ दे. खूप वेळ बसले. शेवटी ताई आली, लग्न झालेली, कडेवर बाळ घेऊन.